डिझेल पिकअपचा ऑइल फिल्टर न सांडता, न माखता कसा बदलायचा

पिकअपचं ऑइल घरीच बदलणारे आपल्याकडे बरेच आहेत, आणि ज्यांची गाडी रोज भाजीपाल्यावर चालते त्यांना तर टोमॅटोच्या सीझनमध्ये गाडी एक दिवस सर्व्हिसला उभी ठेवणं परवडतच नाही, नारायणगाव मार्केटला लाइनमध्ये उभ्या असलेल्या कुठल्याही पिकअपवाल्याला विचारा. चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचा) नट खोलून तेल काढणं कुणालाही जमतं, तेल सरळ खाली पडतं, घमेल्यात जातं, विषय संपला. राडा होतो तो फिल्टरपाशी. फिल्टर सुटला की तेल मनगटावरून कोपरापर्यंत येतं, तिथून बनियनवर, क्रॉस मेंबरवर, स्टार्टरवर, आणि मग पुढचे आठ दिवस गाडी जिथं उभी राहील तिथं खाली डाग.

लोक म्हणतात गाडीच आहे, थोडं तेल सांडणारच. मला ते पटत नाही आणि त्याचं कारण नुसती स्वच्छता नाही. फिल्टर बदलल्यावर सगळ्यात मोठा धोका असतो तो नवीन फिल्टर लीक होण्याचा, आणि इंजिनाची ती बाजू जर आधीच तेलानं माखलेली असेल तर हे जुनं सांडलेलं टपकतंय का नवीन लीक होतंय हे कुणालाच सांगता येत नाही, मेकॅनिकलाही नाही. इंजिन कोरडं असेल तर एक थेंब आला तरी दिसतो. डिझेल इंजिनात तेल कमी पडलं की टर्बो आणि बेअरिंग जायला वेळ लागत नाही, म्हणून मी न सांडण्याचा एवढा आग्रह धरतो.

आधी हे समजून घ्या की चेंबर रिकामं झालं तरी फिल्टर भरलेलाच असतो. नवीन फिल्टर हातात घेऊन तोंडाकडून बघा, मधे आटे असलेलं मोठं भोक असतं आणि त्याच्या भोवती गोलात छोटी छोटी भोकं. तेल त्या छोट्या भोकांतून आत जातं, कागदातून गाळून मधल्या भोकातून बाहेर पडतं आणि तिथून बेअरिंगकडे, टर्बोकडे जातं. छोट्या भोकांच्या आत काडी घालून बघा, रबराची एक पातळ चकती दाबली जाताना जाणवेल. ती आहे वनवे व्हॉल्व. गाडी बंद केल्यावर फिल्टरमधलं तेल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून ती असते, म्हणजे सकाळी सेल्फ मारला की टर्बोला लगेच तेल मिळतं. आता कामाची गोष्ट अशी की हीच चकती तेल धरून ठेवते आणि आपण फिल्टर सोडवला की ते सगळं एकदम आपल्या अंगावर येतं. अर्धा लिटर तरी असतंच, मोठ्या फिल्टरमध्ये जास्तच.

म्हणून पहिलं काम, पाना हातात घ्यायच्या आधी, गाडीखाली टॉर्च मारून बघायचं की आपला फिल्टर कसा बसलेला आहे. तोंड वर आणि बुड खाली असा लटकलेला असेल तर तुमचं नशीब चांगलं, तो काढताना भांड्यासारखा सरळ धरला की आतलं तेल आतच राहतं. आडवा असेल किंवा तिरका खाली तोंड करून असेल तर तेल सांडणारच असं धरून चालायचं आणि ते कुठून वाहत कुठं जाईल हे आधी ठरवायचं. काही नव्या इंजिनांत वरून झाकण असलेली हाउसिंग (इंजिनावरच बसवलेलं फिल्टरचं भांडं) असते आणि आत नुसता कागदाचा एलिमेंट, त्याचं वेगळं सांगतो. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझू डी-मॅक्स, गाडी कुठलीही असो, त्यातही वर्षावर्षाला इंजिन बदलतं, त्यामुळं दुसऱ्याच्या गाडीचा व्हिडिओ बघून आपल्या गाडीखाली शिरू नका, आपला फिल्टर आपल्या डोळ्यांनी बघा.

सामान आधी गोळा करा. नवीन फिल्टर, चेंबरच्या नटाचा नवीन वायसर (तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, जुना परत लावू नका), नटाच्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना, फिल्टर पाना, पसरट घमेलं, नरसाळं, हातमोजे, भरपूर चिंध्या, दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, स्वयंपाकघरातला फॉइलचा रोल, आणि खाली अंथरायला जुना पुठ्ठा. टीव्हीच्या नाहीतर फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा मिळाला तर उत्तम, तो तेल शोषतोही आणि पाठीला फरशी पण लागत नाही. घमेलं सिमेंट कालवायचं घेतलं तरी चालतं, फक्त त्याला खाली भोक नाही हे पाणी ओतून बघून घ्या, आणि तुमच्या इंजिनात जेवढं तेल आहे त्यापेक्षा दोन लिटर तरी जास्त मावेल असं घ्या, काठोकाठ भरलेलं घमेलं गाडीखालून ओढून काढता येत नाही.

फिल्टर गाडीच्या मॉडेलवर नाही तर पार्ट नंबरवर घ्या. दुकानात मिळणारा प्रत्येक डबा ओरिजिनल असतोच असं नाही, बनावट फिल्टर भरपूर फिरतात आणि बाहेरून रंग, स्टिकर सगळं सारखं असतं. मी दुकानातच झाकण काढून आत बघतो, रबरी चकती आहे का, मऊ आहे का, आटे स्वच्छ कापलेत का, गॅस्केट (तोंडाच्या कडेची रबरी रिंग) खाचेत नीट बसलंय का. ज्या फिल्टरमध्ये चकतीच नाही तो रात्रभरात रिकामा होतो आणि रोज सकाळी तुमचं इंजिन तेलाविना सुरू होतं.

तेलाबाबत एवढंच सांगतो की मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड घ्या. जुन्या पिकअपना बहुतेक १५डब्ल्यू-४० चालतं पण एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) गाडी असेल आणि तिला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर तिला कमी राखेचं तेल लागतं, तिथं जुन्या गाडीचं उरलेलं तेल ओतलं की डीपीएफ हळूहळू चोंदतो आणि तो खर्च फिल्टरच्या कितीतरी पट आहे. मॅन्युअलमध्ये तेलाचे दोन आकडे असतील, फिल्टरसकट आणि फिल्टरशिवाय, आपल्याला फिल्टरसकटचा बघायचा.

आता गाडी. सपाट जागेवर लावा, हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना पुढून मागून दगड. पिकअपला खालून जागा चांगली असते, बहुतेक जण जॅक न लावता आत शिरू शकतात आणि तसंच करा. जॅक लावायचाच असेल तर खाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय आत जायचं नाही, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, दोन मिनिटांसाठीही नाही. आणि गाडी रिकामी असताना हे काम करा, मागं क्रेट भरलेत आणि निघायच्या आधी पटकन तेल बदलू असं नको.

इंजिन कोमट पाहिजे. थंड तेल जाड असतं, सावकाश उतरतं, चेंबरच्या तळाशी बसलेली काजळी तशीच राहते, आणि फिल्टरच्या वरच्या नळ्यांमधलं तेल उतरायला तर फारच वेळ लागतो म्हणजे ते नंतर तुमच्या हातावर येतं. पण माळशेज घाट चढून आलेली गाडी लगेच खोलायला गेलात तर तेल चांगलंच भाजतं, सायलेन्सरचा पाइप तर त्याहून जास्त. लांबून आली असेल तर अर्धा पाऊण तास थांबा. रात्रभर उभी असेल तर पाचेक मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि दहा मिनिटांनी सुरुवात करा. फिल्टरला हात लावून तो धरून ठेवता येत असेल तर बरोबर.

कुणी करत नाही पण करायलाच पाहिजे असं एक काम म्हणजे फिल्टर आणि त्याच्या वरची बैठक, म्हणजे इंजिनावर तो जिथं घट्ट बसतो ती जागा, आधी पुसून काढणं. शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर मातीचा थर असतो, तो ब्रशनं झाडा, मग चिंधीनं पुसा. एक तर ती माती उघड्या तोंडात पडत नाही, दुसरं म्हणजे पाना घसरत नाही.

चेंबरचा नट खोलताना वरचं तेल भरायचं झाकण उघडून ठेवा, डिपस्टिक थोडी वर ओढून ठेवा, हवा आत गेली की धार एकसारखी पडते, गुडगुड करत उडत नाही. नट पान्यानं ढिला केला की पुढचं हातानं फिरवायचं, आणि फिरवताना नट आत दाबून धरायचा. आटे संपले तरी दाबून धरल्यामुळं तेल येत नाही, मग एका झटक्यात नट बाजूला घ्यायचा. हात नटाच्या खाली नाही, बाजूला. सुरुवातीला धार जोरात असते आणि तिरकी लांब पडते, मग जसजसं तेल कमी होतं तसतशी ती मागं सरकत सरकत सरळ खाली येते, म्हणून घमेलं आधी थोडं पुढं ठेवायचं आणि मग मागं ओढायचं. वारा असेल तर शेवटची बारीक धार हलते, ती घमेल्याबाहेर जाते आणि आपलं लक्ष नसतं, तेव्हा शेवटी घमेलं अगदी वर, चेंबरच्या जवळ धरा, खाली दोन विटा ठेवल्या तरी चालतं.

तेल कसं आहे तेही बघा. काळं असणारच, डिझेलमध्ये नवीन तेलसुद्धा थोडं चाललं की काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट काजळी तेलात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. बोटांत चोळल्यावर चमचमणारे कण लागले तर बेअरिंगकडे बघायला हवं. आणि तेलाची लेव्हल मधल्या काळात आपोआप वाढली असेल, तेलाला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल खाली उतरतंय. या तिन्हीत नुसतं तेल बदलून गाडी परत लाइनला लावू नका, चांगल्या मेकॅनिकला दाखवा.

चेंबर पंधरा-वीस मिनिटं तरी टपकू द्या. मग नट स्वच्छ पुसून नवीन वायसर घालून लावून टाका, फिल्टरकडं जाण्याच्या आधीच लावा, म्हणजे नंतर तेल भरताना नट लावलाय का नाही हा प्रश्नच उरत नाही. पहिले तीन-चार आटे हातानेच बसवायचे, मग पान्यानं घट्ट, पण दोन हातांनी लोंबकळून नाही, ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की फार ताप होतो.

आता फिल्टर. सोडवायची दिशा फिल्टरच्या बुडाकडून बघून घड्याळाच्या उलट. गाडीखाली झोपल्यावर दिशेचा गोंधळ होतो म्हणून मी नवीन फिल्टर जुन्याच्या शेजारी तसाच धरून एकदा हवेत फिरवून बघतो. फिल्टर पाना लावताना तो फिल्टरच्या बैठकीजवळ लावायचा, बुडाकडं नाही, कारण बुडाकडचा पत्रा पातळ असतो आणि चेपतो, चेपलेला फिल्टर मग कुठल्याच पान्याला दाद देत नाही. पाना घसरत असेल तर फिल्टरला पॉलिश पेपर गुंडाळा, खरखरीत बाजू पत्र्याकडे, किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, पकड लगेच येते. साखळी पाना असेल तर सगळ्यात सोपं. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, मी ती अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवतो, कारण पत्रा फाटत जातो, फिल्टर जागचा हलत नाही आणि तेल मात्र दोन्ही बाजूंनी गळायला लागतं.

पान्यानं फक्त पाव फेरा. तेवढ्यानं फिल्टर हातानं फिरण्याइतका ढिला होतो पण गॅस्केट अजून टेकलेलं असतं, तेल येत नाही. इथं पाना बाजूला ठेवायचा आणि पुढं काय करायचं ते फिल्टर कसा बसलाय त्यावर ठरतं.

लटकलेला फिल्टर असेल तर जाड पिशवी. मला पाच किलो आट्याची रिकामी पिशवी सगळ्यात बरी वाटते, मोठी असते आणि गरम तेलानं लगेच मऊ पडत नाही, किराणा दुकानातली पातळ कॅरीबॅग घेऊ नका. पिशवी खालून वर चढवायची, पार बैठकीपर्यंत, आणि पिशवीच्या बाहेरून फिल्टर धरून आणखी अर्धा एक फेरा द्यायचा. गॅस्केट सुटलं की वरच्या नळीतलं तेल फिल्टरच्या अंगावरून ओघळून पिशवीत यायला लागतं. आता घाई करायची नाही. पाच दहा मिनिटं तसंच थांबायचं, खाली घमेलं असू द्यायचं, पिशवीचं तोंड वर एखाद्या नळीला चिमट्यानं अडकवून ठेवलं तर हात पण मोकळे राहतात. जवळजवळ सगळी सांडासांड ही हे थांबणं टाळल्यामुळं होते. ओघळणं थांबलं की मग पिशवीसकट फिरवत फिरवत काढायचा आणि सरळ, तोंड वर ठेवूनच खाली आणायचा, वाकडा केलात की अर्धा लिटर पिशवीत, आणि पिशवीला भोक असेल तर छातीवर.

आडव्या फिल्टरला नुसत्या पिशवीनं भागत नाही, कारण गॅस्केट सुटलं की तेल खालच्या कडेतून निघून इंजिनाच्या अंगाला चिकटून खाली जातं, पिशवीच्या मागनं. तिथं फॉइल. दोन हात लांबीचा फॉइलचा तुकडा घ्या, दुमडून तीन चार पदरी करा, त्याची पन्हळ बनवा आणि वरचं टोक फिल्टरच्या बैठकीच्या खाली अगदी इंजिनाच्या अंगाला दाबून बसवा. फॉइलचा फायदा हा की दाबेल तसा आकार घेतो, जिथं ब्रॅकेट आहे तिथं ब्रॅकेटला वळसा घालतो, मधे फट राहत नाही. खालचं टोक घमेल्यात. दोन लिटर कोल्ड्रिंकची बाटली उभी कापूनही पन्हळ होते, पण ती इंजिनाच्या अंगाला नीट चिकटत नाही, फॉइल नसेल तरच ती वापरा. पन्हळ लावल्यावर फिल्टर अगदी थोडा थोडा ढिला करायचा, बारीक धार लागली की थांबायचं, धार संपली की आणखी थोडा. खाली सायलेन्सरचा पाइप किंवा स्टार्टर असेल तर त्यावर चिंधी टाकून झाका, पण काम झाल्यावर ती चिंधी आठवणीनं काढा, तेलानं भिजलेली चिंधी गरम पाइपावर राहिली तर आग लागते.

आडव्या फिल्टरला भोक पाडायची पण पद्धत आहे आणि जागा अडचणीची असेल तर ती खरंच चांगली चालते. फिल्टरच्या बुडाच्या खालच्या कडेला खिळा आणि हातोडीनं एक छोटं भोक पाडायचं, खाली घमेलं धरून, मग वरच्या कडेला दुसरं, हवा आत जायला. वरचं भोक पाडलं की खालची धार एकदम सुरू होते, दहा पंधरा मिनिटांत फिल्टर बराचसा रिकामा होतो आणि मग तो काढताना थोडंच तेल येतं. पण भोक पाडलं म्हणजे परतीचा रस्ता बंद, आता नवीन फिल्टर लागल्याशिवाय गाडी सुरूच करता येणार नाही, तेव्हा नवीन फिल्टर हातात आहे, नंबर जुळलाय, गॅस्केटचा घेर जुन्याएवढाच आहे, आणि जुना फिल्टर पाव फेरा ढिला झालेला आहे, हे सगळं झाल्यावरच खिळा उचला.

वरून झाकण असलेल्या हाउसिंगचा क्रम उलटा आहे. तिथं चेंबरचा नट खोलायच्या आधीच वरचं झाकण दोन तीन फेरे ढिलं करून ठेवायचं, हवा शिरली की हाउसिंगमधलं तेल आपोआप खाली चेंबरमध्ये उतरतं आणि नटातून बाहेर येतं. एलिमेंट काढताना झाकणासकट सरळ वर उचलून लगेच पिशवीत. झाकणाची ओ रिंग नवीन लावायची आणि ती ज्या खाचेत होती त्याच खाचेत, शेजारच्या नाही. झाकण किती घट्ट करायचं तो आकडा बऱ्याचदा झाकणावरच असतो, प्लास्टिकचं झाकण असेल तर त्यापुढं अजिबात जाऊ नका.

फिल्टर निघाला की पहिल्यांदा त्याचं तोंड बघा, जुनं गॅस्केट त्याच्यासोबत आलंय ना. हे मी कितीही वेळा सांगेन. जुनं रबर गरम होऊन होऊन बैठकीला चिकटून राहतं, काळं असतं, तेलकट असतं, खालून झोपून बघताना दिसत नाही, आणि त्याच्यावर नवीन फिल्टर बसवला की दोन गॅस्केट एकावर एक होतात. सुरुवातीला बऱ्याचदा लीक होत नाही. अंगणात सगळं ठीक वाटतं. मग गाडी रस्त्यावर जाते, प्रेशर वाढतं, वरचं गॅस्केट सरकतं आणि पंपच सगळं तेल रस्त्यावर फेकतो, ड्रायव्हरला तेलाचा लाल दिवा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. या एका रबरापायी आख्खं इंजिन खोलावं लागलेलं मी बघितलंय. त्यामुळं बैठकीवरून बोट फिरवा, पूर्ण गोल, गुळगुळीत धातू लागला पाहिजे, आणि कोऱ्या चिंधीनं पुसा. धागे सुटणारं कॉटन वेस्ट इथं नको, धागा आत गेला तर तेलाच्या नळीत जातो.

नवीन फिल्टर लावायच्या आधी त्याच्या गॅस्केटला नवीन तेलाचं बोट फिरवा. ग्रीस नाही, जुनं तेल नाही. कोरडं रबर घट्ट करताना पिळलं जातं, पुढच्या वेळेला निघतानाही त्रास देतं. लटकणारा फिल्टर असेल तर त्यात आधी तेल भरून लावता येतो, टर्बोला तेल लवकर मिळतं. भरताना नवीन सीलबंद डब्यातलं तेल, आणि ते बाहेरच्या छोट्या भोकांतून ओतायचं, मधल्या भोकातून नाही, कारण मधल्या भोकातून गेलेलं तेल न गाळता थेट बेअरिंगला जातं, त्यात नरसाळ्यावरची धूळ असली तरी. कागद तेल पितो म्हणून थोडं थोडं ओता, थांबा, परत ओता, आणि काठापासून दोन बोटं कमी ठेवा. तोंड वर असलेल्या तिरक्या फिल्टरला अर्धाच. आडव्याला भरत बसू नका, बसवताना तेवढंच तेल परत सांडेल आणि इतका वेळ केलेली मेहनत वाया जाईल.

बसवताना आटे हातानं सरळ लागू द्या. गॅस्केट टेकलं की तिथून फिल्टरवर लिहिलं असेल तेवढाच फेरा, बहुतेकांवर पाऊण लिहिलेलं असतं. हातानेच. मार्करनं फिल्टरवर आणि बैठकीवर एक रेघ मारून घेतली की किती फिरला ते कळतं. पान्यानं आवळलेला फिल्टर जास्त सुरक्षित नसतो, गॅस्केट दबून फाटतं आणि पुढच्या वेळी तो निघत नाही. हात तेलकट असेल तर हातमोजा बदला, फिल्टर पुसून कोरडा करा आणि मग घट्ट करा.

तेल भरताना मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा. वरचं झाकण लावा, जे विसरलं तर सगळं बॉनेट तेलानं भरतं. मग गाडी सुरू करा आणि अॅक्सिलरेटरला पाय लावू नका, फिल्टर भरेपर्यंत तेलाचा दिवा काही सेकंद राहील आणि विझेल. दहा सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा आणि खाली बघा. विझला तर दोन तीन मिनिटं तशीच चालू द्या, तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च घेऊन फिल्टर आणि नटाकडं बघायला सांगा, फिरणाऱ्या पट्ट्यापासून हात आणि उपरणं लांब ठेवून. गाडी बंद करा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत बघा आणि लागेल तसं वरचं तेल थोडं थोडं घाला. मॅक्सच्या वर नेऊ नका, डिझेलमध्ये जास्तीचं तेल पण तितकंच वाईट.

मग बैठकीच्या खाली आणि नटाभोवती टिश्यू पेपर फिरवून सगळं कोरडं करा. गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुठ्ठा कोरा असेल आणि फिल्टरच्या कडेवर बोट फिरवल्यावर ओलं लागत नसेल तर खुशाल माल भरा, आणि पहिली फेरी झाली की एकदा परत टॉर्च मारा.

एवढं करूनही थोडं सांडलंच तर पाणी मारू नका, तेल पसरतं आणि गटारात जातं. लाकडाचा भुसा नाहीतर चुलीची राख टाका, विटेनं घासा, रात्रभर ठेवा, सकाळी झाडून काढा, मग कपड्याच्या पावडरनं घासा. इंजिनावर सांडलेलं असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या चिंधीनं पुसा. डिझेलनं धुवायची सवय फार लोकांना आहे, पण डिझेल रबराच्या नळ्यांना चांगलं नाही आणि त्याचा ओलावा राहिला की लीक शोधता येत नाही. पेट्रोल तर गरम इंजिनाजवळ आणूच नका. हात माखले असतील तर लगेच धुवा, तेलाची चिंधी पँटच्या खिशात खोचून दिवसभर फिरू नका, वापरलेलं इंजिन ऑइल सतत कातडीला लागणं चांगलं नाही, त्यात कॅन्सर करणारे घटक असतात.

आता राहिलं जळकं ऑइल. जुना फिल्टर बुडाला भोक पाडून घमेल्यावर तोंड खाली करून रात्रभर निथळत ठेवा, सकाळी अजून चांगलं वाटीभर तेल निघालेलं असतं, मगच तो भंगारात द्या. सगळं तेल नरसाळ्यानं त्याच रिकाम्या झालेल्या नवीन तेलाच्या कॅनमध्ये भरा आणि वर जळकं ऑइल असं ठळक लिहा, घरात लहान मुलं असतात आणि कॅन नव्यासारखाच दिसतो. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, पाणी काही मिसळू नका, मिसळलेलं तेल परत शुद्ध करायला कुणी घेत नाही. आपल्याकडे हे तेल शटरिंगच्या प्लेटांना लावायला नेतात, वाळवीसाठी खांबांना लावतात, काही जण गोचीड जावी म्हणून जनावरांच्या अंगाला चोळतात, ते शेवटचं तर अजिबात करू नका, जनावर अंग चाटतं आणि ते पोटात जातं. बांधावर, विहिरीजवळ, ओढ्यात ओतायचं नाही हे तर सांगायलाच नको, जिथं ओतलं ती माती कित्येक वर्षं काही उगवू देत नाही आणि पावसाळ्यात ते खाली पाण्यात जातं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं आणि ते प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्या माणसालाच द्यायचं असतं. एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते गोळा करून परत शुद्ध करून घेण्याची जबाबदारी आली आहे. मोठ्या गॅरेजकडं आणि सर्व्हिस सेंटरकडं असं तेल नेणारी गाडी येते, त्यांच्या बॅरलमध्ये तुमचा कॅन ओतायला ते सहसा नाही म्हणत नाहीत, आधी विचारून जा. चारपाच पिकअपवाल्यांनी मिळून एक बॅरल भरला तर उचलणारा बांधावर यायला पण तयार होतो आणि वर पैसे देतो.

शेवटी नवीन फिल्टरवर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहा, बुडावर, जिथं खालून वाचता येईल. डायरी हरवते, मोबाइल बदलतो, फिल्टर गाडीवरच असतो.